बिनवायरीच्या दिव्यांची वाटणी

मी, माधवी अरविंद दिघे, वय अठ्ठावन्न, धंदा फोटोग्राफी, राहणार भिसेगाव, कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला काही नातेवाईक येऊन गेले, ते चहा पिऊन परत गेले. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. लग्नाच्या हॉलचे मालकही मला असेच सांगत आले आहेत, आणि ऐन रिसेप्शनला जनरेटर बंद पडत आला आहे. तेव्हा माझ्या पश्चात काय कोणाचे, ते आताच ठरवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. भिसेगावातला राहता फ्लॅट, आतल्या सामानासह, माझी भाची तेजश्री विकास दिघे हिला द्यावा. तिच्या बापाशी माझे बोलणे बंद होते त्या सगळ्या वर्षांत ती न बोलावता येत राहिली आणि आली की आधी फ्रिज उघडत राहिली. तिने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही. फक्त हॉलच्या छताला जांभळा रंग देऊ नये. पांढऱ्या छताची किंमत मला विचारा.

कलम २. बँकेतली ठेव ऑपरेशनला जाईल. उरलीच तर तीही तेजश्रीची. आईच्या पाटल्या तिच्याच.

कलम ३. माझे कॅमेरे, लेन्स, सगळे फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि छत्र्या सुनिता दरवडा हिला द्याव्यात. सुनिता कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. बारावीनंतर रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होती. तिथले काम सुटल्यावर माझ्याकडे आली आणि आता माझ्याइतकीच लग्ने काढते. तिच्याशी माझे रोज भांडण होते. तरीही साहित्य तिचेच, कारण दुसरे कोणी ते वापरणार नाही, कपाटावर ठेवून देईल.

भांडण कशावरून, तेही लिहिते, म्हणजे मी नसताना ते माझ्या बाजूने संपेल. तिला हप्त्याने एक मोठा, महागडा लाइट घ्यायचा आहे.

"बाई, तो लाइट लावला ना, तर लोकांना वाटंल कोणीतरी आलं हाय," ती म्हणते.

"लोकांना फोटो दिसू दे गं. लाइट कशाला दिसायला हवा?"

"तुमचं हे बारकं डबडं बघून पार्टी विचारते, बस एवढंच? मी काय सांगू?"

काय सांगायचे ते असे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवून समोरून मारला की नवरानवरी पिठात बुडवून काढल्यासारखी दिसतात आणि मागच्या पडद्यावर काळी सावली चिकटते. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा, बाजूला स्टँडवर लावायचा, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. कॅमेऱ्यावर ट्रिगर असला की बटण दाबल्याबरोबर तो लांबून पेटतो. एक महाग घेण्यापेक्षा दोन स्वस्त घ्यावेत, एकाच कंपनीचे, म्हणजे एकाची बॅटरी दुसऱ्याला चालते. एक स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात, एक मागच्या. दुसऱ्याने केस आणि खांदे पडद्यापासून सुटे होतात. सावळी माणसे काळोखात मिसळून जात नाहीत. सुनिताच्या वाडीतल्या लग्नांत मी पाहिले आहे, बाहेरचे फोटोग्राफर नीट लाइट लावत नाहीत आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळ्यांना गोरे करून देतात. ते आपण करायचे नाही. ऑटोची चैन नको. नवरीची जर आणि नवऱ्याचा काळा कोट बघून ऑटो गोंधळतो. प्रकाश हाताने ठरवावा आणि विसरून जावे. पैसे वाचवायचे ते फ्लॅशवर. स्टँडवर वाचवायचे नाहीत. स्टँड जाड पायांचा घ्यावा आणि त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी, नेहमी, कोणी हसले तरी. हॉलमध्ये मोठे पंखे असतील तर छत्री उघडू नये, ती शिडासारखी फुगते. पांढरी भिंत असेल तर फ्लॅशचे तोंड तिकडे वळवावे, त्याहून स्वस्त आणि मऊ उजेड बाजारात मिळत नाही.

पण पांढरी भिंत ठेवतो कोण! कर्जत-खालापूरकडचे हॉलवाले छताला मरून कापड ताणतात, खाली हिरवे दिवे सोडतात, डीजेवाला नवरीच्या गालावर लाल ठिपके नाचवतो आणि अल्बम आला की आई विचारते, आमच्या मुलीला पुरळ कशी काय आली? या सगळ्या मंडळींना माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये.

कलम ४. आता दुकान. स्टेशनजवळचा दिघे फोटो स्टुडिओचा गाळा बाबांनी माझ्या नावे केला. धाकटा भाऊ विकास याला त्यांनी खोपोलीतली जागा दिली. पण बाबांच्या नावाची पाटी या गाळ्यावर आहे आणि विकासचा जीव त्या पाटीत आहे, हे मला माहीत आहे. म्हणून गाळा विकासला द्यावा, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. ते आता रद्द आहे. का, ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. या कलमात वाटायचे काही नाही. तरी ते मृत्युपत्रातच हवे, कारण बाकी कुठे सांगून उपयोग झाला नाही.

विकास आणि मी तेव्हा एकत्र काम करत होतो. मी फोटो, तो व्हिडिओ. खालापूरच्या एका हॉलमध्ये हर्षला नावाच्या मुलीचे रिसेप्शन होते. माझे दोन छोटे फ्लॅश कोपऱ्यांत उभे होते, पायांवर वाळूच्या पिशव्या. विकासने त्याचा मोठा हॅलोजन आणला होता, लोखंडी स्टँडवर, डोळे दिपवणारा. त्याची वायर त्याने स्टेजच्या पायऱ्यांसमोरून आडवी नेऊन पलीकडे खोचली होती.

मी म्हटले, "विकास, भिंतीकडून फिरव ना. आहेर द्यायला लोक इथूनच चढणार."

"ताई, वायर पुरत नाही. तू तुझे फोटो काढ."

नवऱ्याचे काका भेटीचा बॉक्स घेऊन चढले आणि वायरीत पाय अडकून पुढे झोकले गेले. वायरीबरोबर हॅलोजन ओढला गेला, हर्षला त्याच्यासकट आडवी झाली आणि तो तिच्या उजव्या हातावर पडला. मनगट मोडले आणि काच तापलेली असल्यामुळे कोपरापर्यंत कातडी भाजली. मेंदीचा हात. मी कॅमेरा टाकून तिचा हात पाण्याच्या जारखाली धरला होता. आणि माझ्या पाठीमागून विकासचा आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"ताई, तुला किती वेळा सांगितलं, हे तुझे हलके स्टँड आणत जाऊ नकोस!"

मी वळून बघेपर्यंत त्याने हॅलोजन उचलून बाजूला केला होता. त्या वेळी भांडायचे की मुलीचा हात धरायचा? मी हात धरला. दवाखान्यातून परत आले तेव्हा गोष्ट ठरून गेली होती. माधवीबाईंचा चायना लाइट पडला.

मी सांगितले. घरात सांगितले, बाजारात सांगितले. अहो, माझ्या दिव्यांना वायरच नसते, ते सेलवर चालतात. काकांचा पाय वायरीत अडकला हे तर तुम्हीच सांगता ना? लोक मान डोलवायचे आणि पुढच्या लग्नाचे काम विकासला द्यायचे. त्याच विकासला! आई म्हणाली, "जाऊ दे गं, लहान आहे तो." लहान तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याने खोपोलीत स्वतःचे दुकान थाटले. मला रिसेप्शन मिळेनाशी झाली. मी पासपोर्टचे फोटो काढत बसले, पांढरा पडदा, दोन दिवे, हनुवटी थोडी खाली. वर्षानुवर्षे.

मग गेल्या साली हर्षला दुकानात आली. मी तिला ओळखले नाही. तिने बाही वर केली तेव्हा ओळखले.

"माधवीताई, धाकट्या बहिणीचं रिसेप्शन आहे. तुम्हीच काढायचं."

"मी? तुझ्या घरचे मला उभं करतील?"

"तुमच्या लाइटला वायर कुठे होती?" ती म्हणाली. "मी पडले तेव्हा ती वायर माझ्या सँडलला गुंडाळलेली होती. सगळं दिसलं मला. पण पाय अडकला तो काकासासऱ्यांचा. सासरी पहिलाच दिवस. त्यांना फोटोवाल्यांची चूक हवी होती आणि विकासदादांनी ती दिली. मी गप्प बसले. आता नाही बसणार."

त्या रात्रभर मला राग येत राहिला. तिचा नाही. एवढे साधे होते, तिला आडवे पडून दिसले, आणि उभ्या असलेल्या कोणाला दिसले नाही, याचा.

दुसऱ्या दिवशी मी खोपोलीला विकासच्या दुकानात गेले. त्याने शटर अर्धे ओढले.

"ताई, मला माहिताय. लाइट माझाच होता."

"मग बोलला का नाहीस?"

"नवीन हप्ते, तेजू शाळेत, हातातलं गिऱ्हाईक गेलं असतं तर? तुझं काय, तू एकटी होतीस."

एकटीला कमी लागते, असा त्याचा हिशोब. मी विचारले, "आता बोलशील? लोकांसमोर?"

"आता कोणाला आठवतंय? कशाला उकरून काढतेस?"

मला आठवत होते. मी अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले.

हर्षलाच्या बहिणीचे रिसेप्शन मी आणि सुनिताने काढले. फोटो चांगले आले. त्यानंतर थोडी कामे येऊ लागली आणि मग झडपेचे निघाले. माझे नशीब हे असे वेळेवर येते.

कलम ६. मृत्युपत्राचा पहिला मसुदा वकील गंधार चित्रे यांनी माझ्या घरी वाचून दाखवला तेव्हा तेजश्री विकासला घेऊन आली होती. त्याने कलम ५ ऐकले. गाळा आपल्याला मिळतो आहे हेही ऐकले. मी त्याच्याकडे पाहिले नाही, खिडकीतून उल्हास नदीकडच्या झाडांकडे बघत राहिले.

वकील म्हणाले, "साक्षीला दोन माणसं लागतील. एक हर्षलाताई येणार आहेत. दुसरं कोण?"

"मी," विकास म्हणाला.

"तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये. उद्या कोणी वाद काढला तर पंचाईत."

मग विकास म्हणाला, "मला मिळतं ते काढा."

"अरे, बाबांची पाटी आहे ती," मी म्हटले. रागच आला मला. एवढी वर्षे काही सोडले नाही आणि आता आजारी माणसासमोर उदार होतोय!

"ताई, लोकांसमोर बोलायला मला नाही जमणार. मी प्रयत्न केला, घरात आरशासमोर केला, नाही जमलं. सही जमेल. काढा ते कलम."

ते काढले. स्टेशनजवळचा गाळा, पाटीसह, आता सुनिता दरवडा हिला द्यावा. पाटी बदलायची की ठेवायची ते तिने ठरवावे. तिला विचारले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खाली माझं नाव टाकीन." गाळ्यातल्या पांढऱ्या भिंतीला तिने हात लावू नये. मोठा लाइट घ्यायचाच असेल तर घ्यावा, पण वायर भिंतीकडून फिरवावी.

मी विकासला माफ केले आहे असे कोणी समजू नये. ते अजून चालू आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील गंधार चित्रे यांनी करावी. वाचन बंद खोलीत करू नये. दुकानात, शटर पूर्ण उघडे ठेवून, कलम ५ सकट मोठ्याने वाचावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, समजून घेतला, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

ठिकाण: भिसेगाव, कर्जत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) माधवी अरविंद दिघे

साक्षीदार
१. (सही) हर्षला नितीन ठोंबरे, राहणार खालापूर. सही डाव्या हाताने केली आहे, उजवे मनगट लिहिताना दुखते.

२. (सही) विकास अरविंद दिघे, राहणार खोपोली. कलम पाच वाचले. लाइट माझा होता.