पाण्याच्या दिवशी शहाणा होणारा संगणक

६ एप्रिल, सोमवार
संगणक दुपारी पुन्हा गोठला. (हा शब्द रोज पुरा लिहावा अशी त्याची योग्यता उरलेली नाही. यापुढे नुसते ‘सं.’) पडदा जसाच्या तसा, बाण जागच्या जागी, आतला पंखा मात्र चालू. मग स्वतःच बंद झाला, स्वतःच सुरू झाला, जणू काही घडलेच नाही.

आणि आजच पुण्याच्या संस्थेचा ईमेल. एम.एस्सी. प्रवेशाची लेखी उत्तीर्ण. तोंडी परीक्षा २४ तारखेला, साडेअकराला, घरून, संगणकावरून. मोबाइल चालणार नाही. संपर्क तुटल्यास दुसरी संधी नाही.
लेखीत निभावले, कारण तिथे बोलावे लागत नाही.

अण्णांचे निदान : “व्हायरस आसंल.” आईचे : “ऊन लई हाय. त्याला बी लागत आसंल की.” आईचे निदान अधिक शास्त्रीय वाटले.

८ एप्रिल, बुधवार
आई बरोबर होती, असे दिसते. अण्णांच्या कारखान्यातले डागी टॉवेल घरी येतात आणि आमच्याकडे टॉवेल न पांघरलेली वस्तू नाही. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, माठ. यंदा अण्णांनी हा जुना सं. एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणला, तेव्हा आईने त्याच्या डब्यालाही तीन बाजूंनी टॉवेल गुंडाळला. हवा जाण्याची भोके नेमकी त्याच्याखाली.
टॉवेल काढला.
“धूळ बसंल की.”
“बसू दे, आई.”
“बसू दे म्हणं. पुसायला मी हायच.”
सकाळी नळाला चार दिवसांनी पाणी आले होते. आई अंगण धूत होती, मी सं. समोर. दिवसभर एकदाही थांबला नाही. इति.

१० एप्रिल, शुक्रवार
इति नव्हे.
तोंडीच्या सरावासाठी इरफाना परीक्षक झाली होती. शाळेपासूनची मैत्रीण. मनात वाक्य आधी जुळवून न घेता मी जिच्याशी बोलते अशी एकटीच. व्हिडिओवर चष्मा लावून बसली, आवाज जाड केला. स्वतःविषयी सांगा. मी सुरुवात केली, दुसऱ्या वाक्यात सं. गोठला. तिने माझ्या गोठलेल्या चेहऱ्याचे चित्र पाठवले. हात वर, तोंड उघडे.
“हौ, बघ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं तोंड उघडं सापडलं. फ्रेम करून लावते.”
चित्र बराच वेळ पाहिले. बोलताना मी अशी दिसते हे माहीत नव्हते.
आणखी एक. पडदा गोठला त्या क्षणी मला हायसे वाटले. का, ते पुढे लिहावे असे वाटत नाही.

११ एप्रिल, शनिवार
इरफानाचा (यापुढे नुसते ‘इ.’) सल्ला : “रॅम काढ, खोडरबरानं पूस, लाव. सगळे दुकानवाले तेच करतात, फक्त तोंड गंभीर करून.” डबा उघडला. बोटभर रुंदीची पट्टी, तळाला सोनेरी दात. पुसले, लावली. सुरू झाला. माझ्या हाताने!
मग आईने शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला आणि सं. बंद होऊन पुन्हा सुरू झाला.
योगायोग? आईला पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच. ट्यूबही क्षणभर मंदावली.
“आणखी एकदा, आई.”
“चटणीचं पीठ करू व्हय?”

१३ एप्रिल, सोमवार
विचित्र. काल पाणी आले. कालपासून मिक्सर फिरवा, कूलर लावा, सं. ढिम्म चालू. ट्यूबही मंदावत नाही. मग शनिवारी काय झाले होते? निष्कर्ष लिहिण्याची घाई करू नये.

१५ एप्रिल, बुधवार
आज पुन्हा मिक्सर, सं.ने पुन्हा मान टाकली. अण्णांच्या गाडीवर मांडीवर घेऊन दुकानात नेला. तिथे दुपारभर अखंड चालला. दुकानदारांनी मुद्दाम दोन-दोन कामे लावली. हूं की चूं नाही.
“मशीन ओके हाय, ताई. घरातच काय तरी आसंल.”
संध्याकाळी घरी आणला, जोडला, आईने कूलर लावला. गेला.
इ. फोनवर : “तू घरात बोलतीस, बाहेर गप. हा बाहेर शहाणा, घरात नाटकं. दोघांचं लग्न लावून टाकू.”
तिच्या विनोदातून एक गोष्ट मात्र हाती लागली. दोष सं.मध्ये नाही. घरात आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार
काल पाणी आले. कालपासून सुरळीत.
म्हणजे ८ तारखेलाही टॉवेलचे श्रेय नव्हते. पाण्याचा दिवस होता.
जेवताना सांगितले. अण्णांना ठसका लागला. “कंप्युटरला तहान लागती व्हय, प्राजू?” आई म्हणाली, एवढं शिकून पोरगी ह्या लायनीला लागली.
पण पाण्याच्या दिवशी आमच्या घरात बदलते काय? उष्मा तोच. उलट गल्लीभर पाणी खेचायच्या मोटारी लागतात, तेव्हा वीज कमी पडायला हवी. मग? सकाळी अंगणात उभी राहून नुसते पाहिले. आई धुते ते सगळे पाणी उताराने मीटरखालच्या कोपऱ्यात जाते. तिथे भिंतीवरून एक तांब्याची तार उतरून जमिनीत गेली आहे. अर्थिंग.

१९ एप्रिल, रविवार
प्रयोग. माती पुन्हा कोरडी, भेगा पडलेली. आधी मिक्सर लावून पाहिला. सं. पडला. मग कपडे धुतलेले पाणी बादलीभर कोपऱ्यात ओतले.
“पाण्याची बोंब, आन् तू मातीला पाजती?”
“साबणाचे आहे, आई.”
“मग फरशीला झालं आस्तं.”
माती पाणी पीत गेली. मिक्सर लावला. ट्यूब स्थिर. सं. स्थिर. आईने कूलरही लावला, माझ्यासाठी, हसू दाबत. स्थिर.
मी अंगणात जाऊन उगीच उभी राहिले. एखादे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर न पाहता मिळाले, असे पहिल्यांदाच झाले.
२४ ला सकाळी एक बादली. झाले. तोंडी परीक्षा निर्विघ्न होईल.

२० एप्रिल, सोमवार
पण का?
अर्थिंगची तार एरवी रिकामी असते. बिघाड झाला तरच तिच्यातून वीज जाते. माती ओली केल्याने दिवे सुधारत असतील, तर आमच्या घरातली वीज रोजच त्या तारेने परत जात आहे. म्हणजे परत जाण्याची जी खरी तार खांबापर्यंत असते, ती कुठेतरी तुटलेली असणार, आणि कोणीतरी ती इथेच अर्थिंगला जोडलेली. माती कोरडी पडली की वाट अडते, मिक्सरसारखे जड काही लावले की दाब घसरतो, आणि सर्वांत आधी मरतो तो नाजूक सं. यापूर्वी घरात असे नाजूक काही नव्हते, म्हणून कोणाला कळले नाही. मीटर वाकून पाहिला. एका कोपऱ्यात बारीक लाल दिवा. मला तो शोभेचा वाटत आला होता. नेटवर शोधले : परतीची वीज वाट चुकली की तो लागतो.
सिद्धान्त जुळल्याच्या आनंदात हे आईला सांगत होते. ती त्याच कोपऱ्याशी, ओल्यात, अनवाणी भांडी घासत होती. कूलर चालू.
म्हणाली, “तरीच हितं पाय झिणझिणत्यात.”
“कधीपासून?”
“लई दिस झालं. वात आसंल म्हणलं. दिसभर मशिनीवर बसती न्हवं मी.”
वात नव्हे.
तिला हाताला धरून उठवले. भांडी तशीच.

२१ एप्रिल, मंगळवार
घराची वायरिंग मामाने केलेली. त्याच्या गावी, मोहोळला, फोन केला. मामाला आजवर मी ‘नाही’ या अर्थाचे काही बोललेले नाही. वाक्य आधी मनात तीनदा म्हटले.
“मामा, मीटरपाशी परतीची तार अर्थिंगला जोडली आहे. ते धोक्याचे आहे.”
“कोण म्हणलं?”
“मीच.”
“हाय तसं चालतंय की गं इतकी वर्सं. शुक्रवारी तुजी परीक्षा हाय न्हवं? ती हू दे. मग मी येतो, बघू.”
अण्णाही तेच म्हणतात. खांबावरचे काम वीज कार्यालयाचे, ते कधी येतील सांगता येत नाही, तोवर घर अंधारात, आणि सं. बंद म्हणजे परीक्षा गेली. आई म्हणते, चप्पल घालीन, चार दिसानं काय हुतंय. तिघेही माझ्या बाजूने बोलत आहेत. माझ्या बाजूने, आणि ती उभी राहणार त्या ओल्या कोपऱ्यात.
शुक्रवारी सकाळीच पाण्याची पाळी आहे. आई अंगण धुतल्याशिवाय राहणार नाही. चप्पल भिजेल म्हणून ती काढून ठेवील. मी तिला ओळखते.

२२ एप्रिल, बुधवार
मेन स्विच पाडून फ्यूज काढून घेतला. कूलर थांबला. घर एकदम इतके शांत झाले की शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट स्वयंपाकघरात येऊन बसला.
अण्णा : “ह्या उन्हात?”
“होय.”
“आन् तुजी परीक्षा?”
ईमेलने संस्थेला वेळ बदलून मागितली आहे, सं. बंद म्हणून इ.च्या फोनवरून. कारण खरे ते लिहिले.
मग आम्ही दोघे वीज कार्यालयात. अण्णांना सांगता येईना. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा कळले की आता मलाच. बोलले. मध्ये एकदा थांबले, पण बोलले. त्यांनी विचारले, कोणाकडून तपासून घेतले? मीच तपासले, म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिले आणि तक्रार लिहून घेतली. उद्या किंवा परवा माणूस येईल.

२३ एप्रिल, गुरुवार
उकाडा. आई अण्णांना टॉवेलने वारा घालते. संस्थेचे उत्तर नाही. म्हणजे वेळ तीच धरायची.
मामा आला. न सांगता. मीटरपाशी उकिडवा बसून तारेकडे बघत राहिला. मी पाणी दिले, ते हातात तसेच.
मग म्हणाला, “खांबावरची तार जळाली हुती तवा. तुजी बारावी हुती. मेणबत्तीवर वाचत हुतीस, डोळ्यातनं पाणी. म्या म्हणलं, पोरीला उजेड पायजे. जोडली हितंच. पुन्यांदा येऊन नीट करायची हुती, ऱ्हाऊन गेली.”
ज्या दिव्याखाली मी बोर्डात पहिली आले, तो दिवा.
“मामा, चहा ठेवू?” एवढेच.
“ठेव की. गॅसला फ्यूज न्हाय न्हवं?” आणि हसला. मला तेव्हा रडू आले, ते स्वयंपाकघरात जाऊन उरकले.
संध्याकाळी इ. : “माझा लॅपटॉप घे. घरी ये माझ्या.”
त्यांचे घर म्हणजे दोन खोल्या, तिची अम्मी, दोन वहिन्या, येणारेजाणारे. अनोळखी नव्हेत, पण तिथे मी आजवर सरबत पिऊन ‘छान आहे’ यापलीकडे काही बोललेले नाही. पडद्यामागे सगळ्या ऐकणार.
“मला जमणार नाही, इ.”
“नक्को मग. राहू दे.” आणि वर, “अम्मी बोली, प्राजू आयेगी तो कुकर नहीं लगाती मैं. शिट्टी से डरेगी बच्ची.”

२४ एप्रिल, शुक्रवार, सकाळ
इ.च्या घरी. खिडकीशी स्टूल, त्यावर लॅपटॉप, मागे चादर ताणून बांधली आहे म्हणजे कपाट दिसणार नाही. अम्मींनी डोक्यावरून हात फिरवला. खोलीत कोणी नाही, पण दाराच्या पडद्याखाली पावले दिसतात. चार. आता सहा.
संस्थेने इतकेच कळवले आहे : वेळ बदलता येणार नाही, शुभेच्छा.
अण्णांचा फोन आला होता. वायरमन खांबावर चढला आहे. मामा खाली शिडी धरून. तार जोडून झाली की फ्यूज घालतील आणि मीटरचा लाल दिवा आई पाहील, चप्पल घालून. तो विझला तर मी बरोबर. विझला नाही तर माझी सगळी मांडणी चूक आणि एवढे दिवस मी घरादाराला उन्हात उगीच शिजवले. मला या क्षणी तिथे असायचे आहे, इथे नाही. भीतीमुळे नव्हे. बघायचे आहे म्हणून.
लॅपटॉप उत्तम चालतो आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत माझा चेहरा पापण्या मिटतो, उघडतो. परीक्षक अजून आत घेत नाहीत. पडद्यावर सूचना आहे की आत गेल्यावर उमेदवाराचा आवाज बंद असेल, तो त्याने स्वतः सुरू करावा.
ते बटण खाली डाव्या बाजूला आहे. पाहून ठेवले.