मुंगीच्या हाताचं माप

३ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझा खोकला गेला का? मी बरी आहे. दुपारी पडद्यातून ऊन येतं, कुणीतरी व्हायोलाच्या खालच्या तारेवर लांब गज ओढतं, आणि मी शिकवते आहे की झोपेत आहे ते मलाच कळत नाही. व्हायोलिन जागं करतं; त्याच्याहून मोठ्या व्हायोलाचा हा खर्जातला आवाज कुणाला जागं करत नाही.

व्हायोला शिकवणाऱ्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एक संस्था जी छोटी अनुदानं देते, त्यात यंदा माझं आणि मुंगीचं नाव आलं. आठव्या वर्षी आली तेव्हा खुर्चीत शोधावी लागायची, म्हणून मुंगी. आता पंधराची झाली आणि दारातून वाकून येते. अनुदानातून तिच्या मापाची व्हायोला होईल, ती तूच करावीस. नियम एवढाच की सोळा इंची, म्हणजे पूर्ण मापाची हाताला बसली, तर विद्यार्थ्याने दोन वर्षं मोठ्या शहरातल्या वर्गात जायचं. पंधरा इंची बसली तर आहे तिथेच शिकायचं. मुंगीला पंधराच बसेल. बाबांच्या रीतीप्रमाणे तिच्या मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंतचा दोरा पाठवते आहे, आणि कागदावर काढलेला पंजा.

काम मिळालं म्हणून बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. दोरा आणि पंजा बाकावर शेजारी ठेवून तीन दिवस बघतो आहे. पंजा एका मुलीचा आणि हात दुसरीचा वाटतो. दारातून वाकून येणाऱ्या मुलीचा हात एवढा आखूड असेल, तर ती बिचारी फळीवरचा डबा कसा काढते ते बघायला मला यावं लागेल.

आणखी एक. दोऱ्याचं एक टोक दातानं तोडलेलं आहे, ते तुझं. दुसरं कात्रीनं कापलेलं आहे. आई ओरडून थकली, तरी तू उभ्या जन्मात दोऱ्याला कात्री लावली नाहीस. बाबा म्हणायचे, आकडा लिहिताना हात चुकतो, दोरा चुकत नाही. म्हणून विचारतो, रागावू नकोस. लाकूड अजून कापलेलं नाही.

या प्रश्नापायी लोभ कमी होऊ नये.

तुझा,
भाऊ

१६ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

रागावले होते, दोन दिवस. मग लाज वाटली.

काल दुपारी शिकवता शिकवता डोळा लागला. स्वप्नात तो दोरा खिडकीतून बाहेर चालला होता, रस्त्यावरून, दिव्याच्या खांबांवरून, आणि मी टोक धरून उभी होते. पलीकडून कुणी ओढत नव्हतं, तरी तो लांबतच होता. जाग आली तेव्हा समोर मुंगी वाजवत होती. त्या लहान वाद्यावर तिचा खांदा कसा आखडून गेला आहे ते मला दिसलं. खरं तर वर्षभर दिसतच होतं.

दोरा मीच कापला. माप घेताना मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते, तरी तो सोळा इंचीच्याच मापाचा निघाला. ती गेली की मंगळवारी आणि शुक्रवारी ही खोली मला खायला उठेल, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. सात वर्षं शिकवलं ते तिने कधीतरी जावं म्हणूनच ना. फार वाईट वागले मी. कापलेला तुकडा मात्र टाकवला नाही, वहीत खूण म्हणून ठेवला होता. तो सोबत पाठवते आहे. संस्थेलाही आज खरं माप कळवलं.

माझ्यावरचा लोभ सध्या तूच सांभाळ, मला तो जमत नाही.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी मुंगी व्हायोला न्यायला आली. खरंच दारातून वाकून आली. तुझे दोन्ही तुकडे मी गाठ मारून जोडले होते. सवयीनं तो दोरा तिच्या मानेपासून धरला, तर तळहाताच्या मध्यापर्यंत पोचेना. बोटभर कमी पडला. मला वाटलं गाठीत गेला असेल, पण गाठ एवढी खात नाही.

तिने कोपर जरासं वाकवलं, तेव्हा दोरा बरोबर पुरला. मग म्हणाली की त्या दिवशी तिने स्वेटरच्या बाहीत कोपर जरासं वाकवून ठेवलं होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना कळलं नाही. पंधरा इंचीचंच माप भरावं असं तिला वाटत होतं. मग गाठ कसली ते मी तिला सांगितलं. मला माफ कर, राहवलं नाही. ती आधी हसली, आणि नंतर बराच वेळ रडली.

सोळा इंची तिला आरामात बसते. तिने खालची तार ओढली तेव्हा भिंतीवरची सगळी वाद्यं हळूच गुणगुणली.

जाताना तिने दोरा मागितला. नवा, सरळ कापून देतो म्हणालो, तर नको म्हणाली. गाठीसकट तोच हवा होता.

तुम्हा दोघींचा एकमेकींवरचा लोभ असाच राहो, त्यातला उरेल तेवढा मला द्यावा.

तुझा,
भाऊ