दीपगृहाच्या एक्क्याण्णव पायऱ्या

सोमवार, १३ तारीख

ती. आत्या,
सा. न.

तू पत्र नेहमी मधूनच वाचायला घेतेस, म्हणून काय घडलं ते आधीच क्रमाने देते.

१. ४ तारखेला डॉक्टरांनी सांगितलं, की बाबांच्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल. ऑपरेशन गुरुवारी, २३ तारखेला ठरलं. बाबा तयार होते.
२. ९ तारखेला मी बाबांना 'दीपगृहा'ची नवी, पूर्ण प्रत आणून दिली.
३. ११ तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ती वाचून संपवली.
४. चार पंचविसाला ते म्हणाले, "ऑपरेशन नको."
५. या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस.

आता रीतीचं. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की फक्त त्यांचा कागद भिंतीला लावला आहेस? आई बरी आहे, मीही बरी आहे. तुझं आणि बाबांचं सव्वा वर्ष बोलणं नाही, हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, त्याच्या सख्ख्या बहिणीने दुसऱ्याकडून कवळी करून घ्यावी आणि तीच घालून त्याच्या घरी जेवायला यावं, यावर माझं काय मत आहे ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून सांगत नाही. (बाबांची कवळी खालच्या बाजूला टोचते, असं तुझं म्हणणं. कवळी बरोबर आहे, तोंड चुकलं आहे, असं बाबांचं.) फोन करता आला असता, पण फोनवर तू जितक्या मोठ्याने बोलतेस, तितक्यात फोनची गरज उरत नाही, आणि बाबा शेजारच्याच खोलीत असतात.

'दीपगृह' हे त्या पुस्तकाचं नाव नाही. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण मुखपृष्ठ तुमच्या लहानपणीच गेलेलं. दीपगृहावर खून होतो म्हणून आपल्या घरी 'दीपगृह' म्हणायचं एवढंच. पुठ्ठा बाबांनी घातला, आणि पाठीची शिवण सुटली तेव्हा कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याने ती बसवली, त्यामुळे कपाटात ते पुस्तक हसतं आहे असं वाटायचं. आतल्या बाजूला बाबा प्रत्येक वाचनाची पेन्सिलीने एक उभी रेघ मारायचे. मी मोजल्या होत्या: एकतीस. लग्नाआधी एक, माझ्या जन्माच्या आदल्या दिवशी एक, आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनाआधी एक, माझ्या बारावीआधी एक (परीक्षा मला होती, वाचन त्यांनी केलं). मोठं काही समोर ठाकलं की बाबा आधी 'दीपगृह' वाचायचे, मग उठून त्याला सामोरे जायचे. पुस्तक २१२ व्या पानावर थांबतं. गुप्तहेर सगळ्यांना खालच्या खोलीत जमवतो, खुनी याच खोलीत आहे असं म्हणतो, काठी उचलतो आणि 'ती थेट' या शब्दांवर पान संपतं. पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.

पुढची बारा पानं, म्हणजे सहा कागद, तू नऊ वर्षांची असताना कात्रीने कापून बाहुल्यांचे झगे केलेस. हे तू आईला एकदा सांगितलं होतंस. आईने ते वीस-बावीस वर्षं पोटात ठेवलं आणि परवा भांडी लावता लावता सांगून टाकलं. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे, तापाने अंथरुणात, आणि नेमके २१२ व्या पानाशी पोहोचलेले. मार चुकवायला तू म्हणालीस, की पानं आधीच गळाली होती, पण मी वाचली आहेत, सांगते. आणि तू शेवट सांगितलास. खून झालेलाच नसतो. म्हातारा रखवालदार जिवंत असतो. आपण गेल्यावर लोक काय बोलतात ते ऐकायला वर दिव्याच्या खोलीत लपून बसलेला असतो. ऐकून झाल्यावर तो एक्क्याण्णव पायऱ्या उतरून खाली येतो आणि विचारतो, जेवायला काय आहे? (प्रेत कोणाला सापडलेलं नसतं, फक्त खडकावर रक्ताळलेला कोट. मी सगळं पुस्तक या दृष्टीने तपासलं. तुझा शेवट बसतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या मानाने जोडकाम चांगलं आहे.) बावन्न वर्षं बाबा तोच शेवट खरा धरून चालले आहेत.

यात मी कुठे आले ते सांगते. वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला अर्धवट वस्तू बघवत नाही. मी पुस्तकाचं पहिलं वाक्य ('त्या संध्याकाळी समुद्राला कशाचीच घाई नव्हती') जुनी पुस्तकं जमवणाऱ्या लोकांना कळवलं आणि सात महिने वाट पाहिली. या काळात मला समुद्रावरच्या चार कादंबऱ्या आल्या, मीठ कसं तयार करतात याची एक पुस्तिका आली, आणि एका गृहस्थांनी समुद्राला घाई नसली तरी त्यांना आहे असं कळवून लग्नासाठी माझी माहिती मागवली. शेवटी एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी खरी प्रत पाठवली. मुखपृष्ठासह, २२४ पानं, एकही डाग नाही. ऑपरेशनाआधी बाबांना द्यायला याहून चांगली भेट नाही, असा माझा हिशेब होता. शेवटची पानं मी आधी वाचली नाहीत. दुसऱ्याच्या पुस्तकाचा शेवट आधी वाचणं मला बरोबर वाटत नाही. ही माझी पहिली चूक.

खुनी डॉक्टर आहे.

तो रखवालदाराला झोपेचं औषध देतो आणि कड्यावरून खाली ढकलतो. पान २१९ वर, सुई टोचण्याआधी, तो म्हणतो, "घाबरू नका, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही." आत्या, ४ तारखेला आपल्या डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हेच वाक्य म्हटलं होतं. शब्दन् शब्द. मी तिथे होते.

ही कादंबरी आहे, असं मी बाबांना समजावलं. ते म्हणाले, "मी दात बनवायचो, डोक्यावर पडलेलो नव्हतो." मग मी डॉक्टरांना फोन करून बाबांशी दोन शब्द धीराचे बोलायची विनंती केली. ते भले गृहस्थ आहेत. लगेच बोलले. कोणतं वाक्य बोलले ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तेव्हापासून संमतीपत्र जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली आहे, पेन त्यावर आहे, आणि बाबा मीठ कमी झालं तरी बरणीला हात लावत नाहीत.

एकच पुस्तक माणूस एकतीस वेळा का वाचतो, याचा विचार मी खरं म्हणजे प्रत शोधण्याआधी करायला हवा होता. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या झाकणाखाली एक किलोचं प्रमाण वजन आहे. रोज सकाळी कुठल्याही काट्याला हात घालण्याआधी ते त्यावर ठेवायचं. बोटांनी उचलायचं नाही, चिमट्याने; बोटाचा डाग पडला तरी ते जड होतं. त्या वजनाला कोणी विचारत नाही, की आज नवीन काय. ते कालचंच असतं, म्हणून तर काटा किती सरकला ते कळतं. लोक तेच पुस्तक, तोच सिनेमा पुन्हा घेऊन बसतात ते याचसाठी असावं. गोष्ट सरकत नाही. आपण कुठे आहोत ते दिसतं. (टपालकचेरीवरच्या त्या जुन्या मालिकेचे चाळीस भाग मी सात वेळा पाहिले आहेत. इस्त्री करताना सोबत म्हणून, असं मी घरी सांगते. सातव्या वेळी इस्त्रीला कपडे नव्हते.) आईला हे पटलेलं नाही. तिच्या आवडत्या सिनेमात नायिका पत्र लिहीत बसते आणि तिची बोट सुटते. आई दर वेळी पडद्याला सांगते, "अगं ऊठ, लिहीत काय बसलीस." ती उठणार नाही हे वीस वेळा पाहूनही का सांगतेस, असं मी विचारलं. आई म्हणाली, "तुला नाही का रोज सकाळी सांगत? तू तरी कुठे उठतेस?" ते काहीही असो. प्रयोगशाळेत त्या वजनाजवळ मी श्वाससुद्धा जपून सोडते, आणि घरी मीच बाबांच्या प्रमाण वजनात बारा पानांची भर घातली.

झालेली चूक दुरुस्त करायची, असं मी ठरवलं आहे. जुनी प्रत सध्या उपलब्ध नाही. म्हणून तुझ्याकडून मला हे हवं आहे: तुझा शेवट, पान २१३ ते २२४, दर पानाला एकोणतीस ओळी, ओळीला सुमारे नऊ शब्द. सुरुवात 'ती थेट' याच्या पुढून. मी तो जुन्या वळणाच्या अक्षरात छापून घेईन, नव्या प्रतीची बारा पानं काढीन आणि तिथे ही शिवीन. कागदाची जाडी मोजून ठेवली आहे. डॉक्टर हे पात्र ठेवायचं असेल तर ठेव. पण त्याने शेवटपर्यंत खिशातून हात बाहेर काढू नयेत.

तुझी भाची

ता. क. १. वर मी लिहिलं आहे, की जुनी प्रत सध्या उपलब्ध नाही. पूर्ण वाक्य असं आहे: जुनी प्रत ९ तारखेला मी स्वतःच्या हाताने रद्दीत दिली. नवी प्रत सर्व बाबतींत सरस होती, दोन्ही ठेवायचं कारण मला दिसलं नाही. काल रद्दीच्या गोदामात जाऊन साडेतीन तास शोधलं. तिथल्या माणसाने विचारलं, खूण काय? मी म्हणाले, हिरड्या आहेत. त्यानंतर त्याने मला एकटीलाच शोधू दिलं. मिळाली नाही. तेव्हा वरचा पाचवा मुद्दा खोडला आहे असं समज. मुळाशी मी आहे.

ता. क. २. (मंगळवार.) हे पत्र काल टेबलावर राहिलं आणि बाबांनी ते वाचलं, तुझ्यासारखं मधून नाही, पहिल्यापासून. त्यांनी 'बावन्न वर्षं बाबा तोच शेवट खरा धरून चालले आहेत' या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात 'चूक' असं लिहिलं. ते बावीस वर्षांचे असताना एका वाचनालयात त्यांच्या हाती पूर्ण प्रत आली होती. शेवटची बारा पानं त्यांनी उभ्यानेच वाचली आणि पुस्तक जागेवर ठेवून बाहेर आले. मग या वेळी इतकं काय बिघडलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "खुनी डॉक्टर आहे हे मला ठाऊकच होतं. पण माझ्या पुस्तकात ते छापलेलं नव्हतं." आणि तुला कधी बोलून का दाखवलं नाही, तर म्हणाले, "टिल्लूने तापात पडलेल्या भावासाठी बसल्या बैठकीत म्हातारा जिवंत केला. त्यात चूक कसली काढायची?"

ता. क. ३. त्यामुळे बारा पानं लिहू नकोस. छापलेला शेवट त्यांना नको आहे. काल संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या पलंगाशी बसून तुझा शेवट सांगितला. एक ते एक्क्याण्णव पायऱ्या मोजल्या, एकही न गाळता. बाबा म्हणाले, "मोजणी बरोबर आहे. पण म्हातारा खाली आला नाही." तू म्हणे दर दहा पायऱ्यांनी धापा टाकायचीस, सत्तराव्या पायरीवर म्हातारा टेकायचा, आणि तो पाणी पिईपर्यंत बाबांनाही प्यायला लावायचीस. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी आज पुन्हा करून पाहिलं, धापांसकट. बाबांनी पाणी प्यायलं, पण संमतीपत्राकडे पाहिलं नाही. मी उद्याही करीन. पण हे काम माझ्या हातचं नाही, हे मला लिहून द्यायला हरकत वाटत नाही.

बुधवारी, २२ तारखेला संध्याकाळी सहाला बाबांना दाखल व्हायचं आहे. त्याआधी सही हवी. तू दुपारी तीनपर्यंत इथे पोहोचलीस तर एक्क्याण्णव पायऱ्यांना वेळ पुरतो; मी हिशेब केला आहे, धापा धरून. आपल्या दाराला फक्त आठ पायऱ्या आहेत, मी खाली उभी राहीन. कवळी कोणतीही घालून ये. मात्र बाबांनी केलेली डबीत घालून आण. "टोचत असेलही," असं ते आज सकाळी आपण होऊन म्हणाले, आणि त्यांनी घासायची हत्यारं कपाटातून काढून पुसून ठेवली आहेत.

येतेस की नाही, एवढंच एका ओळीत, रविवार, १९ तारखेपर्यंत कळव.