एकाच पत्त्यावर दोन टाक्या

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. आई म्हणते, कामात असेल गं तो. असशीलच. करून सवरून नामानिराळं राहणं हेही कामच आहे, आणि त्यात तुझा हात कोण धरणार!

ह्यांच्या उजव्या हाताची पट्टी निघाली. बोटं मिटतात, पण पाना धरवत नाही. फिटरने पाना नाही धरायचा तर काय धरायचं? खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत असतात. मी मदतीला गेले की चिडतात. एरवी मात्र माझ्याशी इतकं गोड वागतात की मला संशयच यायला लागला. भात करपला तरी म्हणतात, जाऊ दे, चूक कोणाकडून होत नाही?

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मला चिकटवलंस तू, शिकवलंसही तूच. प्रत्येक झडपेच्या कंट्रोलरला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो, एकच पत्ता दोघांना कधी द्यायचा नाही. देण्याआधी त्या पत्त्यावर हाक मारून बघायची. उत्तर आलं नाही म्हणून तो रिकामा समजायचा नाही, उठून पॅनेलवर चिकटवलेली पत्त्यांची चिठ्ठी वाचायची, कारण घरातलं माणूस झोपलेलंही असू शकतं. केवढ्या तोऱ्यात सांगायचास! आणि नव्या टाकीच्या वेळी स्वतः खुर्चीतूनच हाक मारलीस, उत्तर आलं नाही, दिलास पत्ता ठोकून. तो पत्ता जुन्या टाकीचा होता. तिचा कंट्रोलर दुरुस्तीसाठी बंद, तो कुठून उत्तर देणार? उठून चार पावलं चालायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

दुरुस्ती संपली. तुला फोनवर विचारून ह्यांनी त्या कंट्रोलरची वीज चालू केली आणि जुन्या टाकीखालची नळाची जोडणी घट्ट करायला हात घातला. तेवढ्यात मी नव्या टाकीत गरम पाणी सोडायचं बटण दाबलं. नव्याच टाकीचं, दादा. उघडली ती जुनीची झडप. त्यांची किंकाळी मी काचेपलीकडून ऐकली. धावत गेले, त्यांना स्ट्रेचरवर घालेपर्यंत थांबले, आणि पर्स घ्यायला परत आले तर तू माझ्या खुर्चीत बसून नव्या टाकीचा पत्ता बदलत होतास. मला वाटलं, आणखी कोणाला भाजू नये म्हणून धडपडतोयस. मनात तुझं कौतुकही केलं, वेडीच मी.

मग तुझा अहवाल आला. न विचारता वीज चालू केली, चूक फिटरची. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि ह्यांनी ते कबूल करून नोकरी सोडली. मी किती भांडले, पण का कबूल केलंत ते सांगेनात. परवा शेवटी बोलले. तू हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून सांगितलंस म्हणे, की तिने गडबडीत चुकीचं बटण दाबलं, चौकशी झाली तर तिची नोकरी जाईल, तुम्ही स्वतःवर घ्या. त्यांनी घेतलं. माझ्यासाठी घेतलं.

आज सकाळी मोठ्या साहेबांसमोर मी सगळं सांगून आले. तुला बोलावणं येईल, तुझं तू बघ. पत्र त्यासाठी नाही. घरी येऊन ह्यांनाही सांगितलं, की पत्ता दादाने चुकवला, माझं बटण बरोबर होतं. त्यांनी तो आखडलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, असू दे गं, मी कधीच माफ केलंय तुला. त्यांना वाटतं, मी मनाची समजूत घालतेय. माझा नवरा रोज मला माफ करतो, दादा, आणि ते मला सहन होत नाही. माझ्या तोंडून त्यांना पटणार नाही, तुझ्याच तोंडून पटेल. म्हणून एकदा ये. त्यांच्यासमोर बस आणि सांग. त्यानंतर या घरी पुन्हा आला नाहीस तरी चालेल.

तोवर तुझीच,
धाकटी