वीसपैकी वीस चूक

ता. ४ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पण विनंती नंतर, आधी तक्रार.

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हाच हे वाच, नाहीतर कोणाला तरी भलत्याच नंबरचा चष्मा देशील. मी संध्याकाळी मोठ्यांना इंग्रजी शिकवते ते तुला ठाऊकच आहे. बेकरीवाली, दोघी नर्सबाई, कंडक्टरकाका, सगळे दिवसभर राबून येतात आणि तरी मन लावून शिकतात. सध्या ‘आय’ कुठे आणि ‘मी’ कुठे हे चाललंय. मी सोपं करून सांगितलं, की काम करणारा असेल तर ‘आय’ आणि ज्याच्यावर काम होतं तो असेल तर ‘मी’. मी त्याला बोलावलं तर ‘आय’, त्याने मला बोलावलं तर ‘मी’. कंडक्टरकाका म्हणाले, इंग्रजांनी आपला ‘मी’ पळवला आणि नेमका उलटा बसवला. हसलो खूप, पण सगळ्यांना जमलं. ‘ही’ की ‘हिम’, ‘शी’ की ‘हर’, तेही जमलं.

एकाला सोडून. आमचा मिक्सरवाला. कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं, मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो. माणूस सभ्य, नीटनेटका, पण डोक्यात निव्वळ भुसा. चाचणीत वीस गाळलेल्या जागा होत्या आणि प्रत्येकीला दोनच पर्याय. पठ्ठ्याने वीसच्या वीस चुकवल्या. वर्ग सुटल्यावर थांबवून पुन्हा शिकवलं, तर मान डोलावतो, छान छान प्रश्न विचारतो आणि पुढच्या चाचणीत परत वीस चूक. आता तर रोजच थांबतो.

संस्थेच्या चिटणीसबाईंनी बजावलंय, एक जण जरी नापास झाला तर पुढचा वर्ग इथल्या दुसऱ्या मास्तरांना, लांबुडक्या सरांना देणार. मावशी, हा वर्ग गेला तर मला बाडबिस्तरा आवरून घरी यावं लागेल आणि आईने जमवलेली स्थळं बघत बसावं लागेल. एवढी धडपड करून मिळवलेलं काम एका मिक्सरवाल्यापायी घालवू का? त्याच्या डोक्यात हे कसं शिरवू ते सांग. आणि आईला यातलं अक्षर बोलू नकोस.

लोभ आहेच, तो उत्तरातून लवकर दिसावा.

तुझी,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आणि सोबत एक टपली.

गेल्या आठवड्यात एक पोरगी दुकानात आली. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून हिलाही हवा होता. तक्त्यासमोर बसवली, तर एक अक्षर बरोबर सांगेल तर शपथ. मी तिला तशीच घरी पाठवली. अगं, ज्याला खरंच दिसत नाही तो अंदाजाने ठोकतो आणि त्यातलं एखाददुसरं तरी बरोबर लागतं. सगळंच्या सगळं चुकवायचं तर सगळं स्वच्छ दिसावं लागतं.

तुझ्या पेपरात तर दोनच पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मे बरोबर यायचे. तेव्हा भुसा कोणाच्या डोक्यात आहे ते तूच बघ, मास्तरीणबाई. तो थांबून थांबून कसले छान प्रश्न विचारतो तेही तू लिहिलं नाहीस.

चिडू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस. वर्गात फक्त एवढंच जाहीर कर, की नापास होतील त्यांना उद्यापासून लांबुडके सर शिकवतील. मग गंमत बघ.

पत्र पाठवत राहा, माझी करमणूक होते.

तुझी,
मावशी

ता. २१ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आणि कान पकडून कबूल, भुसा माझ्याच डोक्यात होता.

तू सांगितलंस तसं जाहीर केलं. मिक्सरवाल्याचा चेहरा असा काही उतरला की मला खोकल्याचं नाटक करावं लागलं. पेपर झाला आणि वीसपैकी वीस बरोबर, खाडाखोड नाही. सगळा वर्ग पास झाला, चिटणीसबाईंनी पुढचा वर्गही मलाच दिला. कंडक्टरकाका त्याला म्हणाले, बाईंच्या हाताला गुण आहे. तो लाजून खिडकीबाहेर बघत बसला.

सगळं मनासारखं झालं ना, मग मला आनंद का होईना? पास झालेला माणूस परत कशाला येईल? नवा वर्ग सुरू झाला, त्याचा मागचा बाक रिकामा. सुटल्यावर कोणी थांबेना. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं, मावशी. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.

म्हणून मी माझी इस्त्री त्याच्या दुकानात नेली. इस्त्री उत्तम चालते, तूच दिलेली. बिघडली म्हणून सांगितलं. त्याने उलटसुलट करून पाहिली, बटण लावलं, ती झक्क तापली. तो माझ्याकडे बघायला लागला, मी पंख्याकडे. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, की बिघाड आत आहे, चटकन सापडायचा नाही, चार दिवस ठेवावी लागेल. मीही तितक्याच गंभीरपणे म्हटलं, घाई नाही.

चार दिवसांनी गेले, तरी बिघाड सापडला नव्हता. अजून सापडलेला नाही. मी चुरगळलेल्या कपड्यांत वर्ग घेते आणि चिटणीसबाई भुवया उंचावून बघतात. आता पुढे काय करू?

तुझ्या मायेला नेहमीसारखी सोकावलेली,
भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ., या वेळी टपली माफ.

तुझ्या आईला मी काही बोललेली नाही. पत्र टेबलावर होतं, ते तिने वाचलं, त्याला मी काय करणार? आधी तिने मुलगा काय करतो विचारलं, मग मिक्सर दुरुस्त करतो का विचारलं, आणि संध्याकाळी माळ्यावरून आपला जुना मिक्सर काढून पुसून ठेवला. रुकार म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसतो. तुझ्या त्या ‘आय’ आणि ‘मी’च्या हिशेबात कोणी कोणाला बोलावलं ते तुम्ही दोघं निवांत ठरवा. मी बोलावतेय, एवढं पक्कं.

येत्या रविवारी त्याला घेऊन ये. डोळे तपासायचे म्हणून सांग, पैसे घेणार नाही. तक्त्यासमोर मी स्वतः बसवते. सगळी अक्षरं बरोबर वाचली तर जेवण करून निघा. आणि सगळीच चुकवली, तर अंथरूण घालून ठेवते.

येताना इस्त्री मात्र आणू नका.

तुझी,
मावशी