बशीत वाजणारा कप

रविवार, दिवेलागणीची वेळ

सगळ्यांच्या आधी घरात शिरली ती मुलाची आत्या, परंड्याची. चप्पल काढायच्या आधीच विचारती, "पोरगी कुठंय?" मुलगा अन् त्याची आई मागनं आली. आमच्या मनीनं, माझ्या नातीनं, आधीच बजावलेलं की बघायला कुणीबी येऊ दे, चहाचा ट्रे ती आणणार न्हाय. मग म्याच नेला.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "लग्नानंतर नर्सची नोकरी कशाला? सोडायला सांगा." माझ्या हातातला कप बशीत खडखड वाजाया लागला. तोंडातनं एक शब्द गेला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती. अन् मनीला तर मुलगा लई पसंत!

मनीच मला सांगती, "आजी, जीव घाबरला की दाबू नको. कुठं घाबरलाय ते बघ, त्याचं नाव घे, मग बोल." कप वाजतच होता. म्या मनात म्हणलं, छातीत हाय. राग न्हाय हा, भ्या हाय. अन् ते माझं हाय, पोरीचं न्हाय. ती तर समोर निवांत बसलीय. श्वास सोडला. कप थांबला का? न्हाय, पण कमी वाजला.

"तिलाच विचारा की, आत्याबाई."

मनी म्हणाली, "नोकरी सोडणार नाही."

मुलाच्या आईनं चहा बशीत ओतला, फुर्रकन प्याली. "वन्सं, दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसणारी सून मला नकोच. जाऊ द्या तिला कामाला."

अजून हसू आवरंना मला. मंगळवारी सुपारी फोडायला येतो म्हणलेत.