फांदीच्या प्रवाळाचे दुसरे नाव

मी, खाली सही करणारी, संग्रहालयाच्या प्रवाळ विभागातून निवृत्त झालेली विधवा, शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाविना माझी इच्छा लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व ठेवी बहिणीच्या मुलीला. ती माझ्याच विभागात आहे आणि मला उलट उत्तरे देते, म्हणजे घर सांभाळेल.

२. यजमानांचे कपडे कोणालाही द्यावेत. निळा स्वेटर मात्र जाळावा. तो त्यांच्यासाठी समुद्रात बुड्या मारून नमुने आणणाऱ्या त्या डायव्हरबाईने विणलेला आहे.

३. प्रवाळांविषयी. आम्हा प्रवाळ-अभ्यासकांत नव्या जातीला स्वतःचे नाव देत नाहीत, दुसऱ्याचे देतात. लग्नाच्या वर्षी मला शांत खाडीत लांब, सडपातळ फांद्यांचे नवे प्रवाळ सापडले. त्याला मी यजमानांचे नाव दिले. पुढे त्यांना, तेही याच विभागात होते, खाडीबाहेरच्या लाटांतले आखूड, जाड फांद्यांचे मिळाले. आता आपली पाळी, म्हणून मी वाट पाहत बसले. त्यांनी नाव दिले डायव्हरबाईचे. "अगं, वर तिनेच आणलं ना ते!" म्हणाले. मी हसले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

४. यजमान गेल्यावर त्या जाड प्रवाळाचा जिवंत तुकडा आणून मी खाडीत लावला. शांत पाण्यात त्याला लांब, सडपातळ फांद्या फुटल्या. जात एकच! लाटांच्या माराने जाड झाले होते, इतकेच. आमच्या नियमाने आधीचे नाव टिकते, नंतरचे, म्हणजे तिचे, बाद होते. कितीतरी वर्षांनी मला शांत झोप लागली. लगेच निबंध लिहून भाचीला दाखवला.

"मावशी, त्या बाई आता ऐंशीच्या आहेत गं. कशाला?"

"म्हणूनच. जिवंतपणी कळू दे तिला."

"आणि बाद झालेलं नाव पुसत नाहीत, माहितीये ना? टिकलेल्या नावाखालीच छापतात."

माहीत होते. रागाच्या भरात विसरले होते. म्हणजे प्रत्येक ग्रंथात वर यजमान आणि त्यांच्या खाली ती, जग असेपर्यंत. माझ्याच हाताने मी त्यांचा जोडा लावून देत होते.

५. सबब तो निबंध कधीही छापू नये. या दोन जाती वेगळ्याच मानाव्यात. शास्त्राशी ही बेइमानी आहे हे मला कळते, तरी करत आहे. दोन्ही नमुने वेगवेगळ्या कपाटांत, कुलपात ठेवावेत, आणि मधल्या कपाटावर माझ्या नावाची पाटी लावावी.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही), विभागाचा शिपाई (सही)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: आमच्या लग्नाचा वाढदिवस
(सही)